गाणगापूरच्या पुढची बिनअंगणाची मशीद

सोलापूरकरांना ती रेल्वेलाइन पाठ असते. गाणगापूर रोडला उतरायचं, संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन, माधुकरी, आणि मिळेल त्या गाडीने परत. त्याच रुळांवर थोडं पुढे गुलबर्गा आहे. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव कलबुर्गी. आमच्याकडची बहुतेक माणसं तिथवर जातच नाहीत. गेली तर ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला किंवा शरणबसवेश्वरांना. मला किल्ल्यातली जामा मशीद बघायची होती. सोबतीला दाजींना ओढलं. दाजी सेंटरिंगची, म्हणजे स्लॅब-कमानींखाली तात्पुरता लाकडी आधार उभा करायची कामं घेतात, जुन्या इमारती बघायला त्यांच्याइतका चांगला जोडीदार मला मिळालेला नाही. इतिहासात त्यांना रस शून्य, पण भिंत दिसली की आधी हाताने ठोकून बघणार.

किल्ल्याचं फार कौतुक करत बसणार नाही. खंदक, दुहेरी तट, मधोमध एक चौकोनी अवाढव्य बुरूजवजा इमारत, आणि एका बुरुजावर बारागजी म्हणतात ती लांबच लांब तोफ. पोरं तिच्यावर घोड्यासारखी बसतात. झुडपं बरीच माजली आहेत. पण या सगळ्यामागचा धागा आपल्या दौलताबादेपासून सुरू होतो. दिल्लीच्या तुघलकाविरुद्ध दख्खनच्या सरदारांनी बंड केलं, १३४७ साली दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमन शहा गादीवर बसला आणि त्याने राजधानी इथे हलवली. त्याचा मुलगा पहिला मुहम्मद शहा याच्या काळातली ही मशीद. शिलालेखात हिजरी ७६९, म्हणजे १३६७ साल आहे, आणि नाव रफी बिन शम्स बिन मन्सूर कझ्वीनी याचं. कझ्वीन इराणमधलं.

लांबून बघितलं तर मशीद आहे हे चटकन कळतही नाही. मिनार एकही नाही. चार कोपऱ्यांवर चार घुमट, पश्चिमेला मिहराबाच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या बाजूला उंच चौथऱ्यावर उचलून धरलेला एक मोठा घुमट, आणि या सगळ्यांच्या मधे बारक्या घुमट्यांची रांगच रांग, साठाहून जास्त. उत्तरेच्या बाजूला एकच कमान बाकीच्यांपेक्षा उंच काढलेली, तेच दार.

चपला काढून आत गेलो आणि अंगण शोधू लागलो. ते नाहीच. मशिदीचा नेहमीचा आराखडा आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. मोठं उघडं अंगण, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला हौद, पश्चिमेला नमाजाचं दालन. इथे अंगणाच्या जागीही खांब, कमानी आणि वर छतच छत. पूर्व-पश्चिम २१६ फूट, दक्षिणोत्तर १७६ फूट. दाजींनी मोबाइलवर गुणाकार केला. "पाहुणं, पस्तीस गुंठे झाले की! आन् सगळ्यावर स्लॅब?"

अंधार मात्र नाही. पश्चिम सोडून बाकी तिन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे मोठमोठ्या उघड्या कमानीच आहेत, उजेड तिथून आत येतो. त्या तीन बाजूंना आतून जी ओवरी फिरते, ती या इमारतीची खरी गंमत. इथल्या कमानी फार रुंद आणि त्यांचा पाय फार खाली. खांब म्हणावा तर जेमतेम छातीपर्यंत, तिथूनच कमान सुटते आणि पसरट होत पलीकडे उतरते. ओवरीच्या टोकाला उभं राहिलं की एका कमानीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशा त्या लांबवर लहान होत जातात. कोरीवकाम जवळजवळ नाही, नुसता पांढरा चुना. मला हेच आवडलं. डोळा नक्षीत अडकत नाही, आकारच बघत राहतो.

दाजी एका खांबाशी थांबले होते. मधल्या भागातले खांब चौकोनी, अंतरं सारखी, प्रत्येक चौकावर एक घुमटी. त्यांचं म्हणणं असं, की सगळे गाळे एका मापाचे असले की एकच सेंटरिंग खोलून पुढच्या गाळ्याला लावता येतं, लाकूड वाचतं, आणि मिस्त्रीचा हातही बसतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, दाजींचा अंदाज आहे, पण मला पटला. जोराचं गणितही त्यांनीच सांगितलं. कमान दोन्हीकडे बाहेर रेटते. मधल्या खांबांवर समोरासमोरच्या कमानींचा रेटा एकमेकांना खातो. कडेच्या कमानींना पलीकडून रेटायला कोणी नसतं, म्हणून तिथले पाय असे जाड आणि बुटके.

आता त्या कोर्दोबाविषयी. गुलबर्ग्याच्या मशिदीचं नाव निघालं की कोणीतरी हमखास सांगतं, ही स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीची नक्कल आहे. तिथल्या कमानी एकावर एक दुहेरी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, सडपातळ खांबांवर उभ्या. आणि संत्र्यांच्या झाडांचं भलंमोठं अंगण तिथे आजही आहे. म्हणजे जी गोष्ट इथे वगळली, ती तिथे शाबूत. खांबांची दाटी सोडली तर साम्य काय उरतं? आपल्याकडच्या चांगल्या वस्तूला परदेशातली आई शोधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, त्यातला हा प्रकार.

अंगण का झाकलं, याचं सोपं उत्तर म्हणजे ऊन. मे महिन्यात गुलबर्ग्यात उतरलेल्या कोणालाही ते पटेल. पण मग १४२४ नंतर बहमनी राजधानी बीदरला गेली, पुढे विजापुरात आदिलशाहीने आपली प्रचंड जामा मशीद उभारली, तिला उघडं अंगण आहेच की. विजापूरचं ऊन काय थंड असतं? खुद्द गुलबर्ग्यातल्या शहाबाजार मशिदीलाही अंगण आहे. म्हणजे किल्ल्यातला हा प्रयोग दख्खनेत एकदाच झाला. मला वाटतं, नव्या राज्याला आपलं काहीतरी वेगळं दाखवायचं होतं आणि ते पेलणारा माणूस तेव्हा मिळाला. पुढच्यांनी नेहमीची वाट धरली. त्यांचंही चुकलं नाही. जुम्म्याच्या गर्दीला खांबांपेक्षा मोकळी जागा सोयीची.

जाणार असाल तर सकाळी जा. पूर्वेच्या कमानींतून ऊन तिरकं आत येतं तेव्हा ओवऱ्या सगळ्यात चांगल्या दिसतात. नमाजाची वेळ सांभाळा, शुक्रवारी दुपार टाळा. दर्गा शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे, रिक्षाने दोन्ही एका दिवसात आरामात होतं. बाजारातून तूरडाळ आणायला विसरू नका, गुलबर्ग्याच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे. दाजींनी पाच किलो घेतली आणि परतीच्या गाडीत ती पिशवी मलाच मांडीवर धरायला लावली.