पारंग ला: किब्बर ते कर्झोक, जाणाऱ्यांसाठी

स्पितीतल्या किब्बरहून निघायचं, सुमारे ५,५८० मीटरवरची पारंग ला खिंड ओलांडायची आणि पारे चू नदीकाठाने लडाखात त्सो मोरिरी तलावावरच्या कर्झोकला पोहोचायचं. स्पिती आणि चांगथांग (लडाख-तिबेटचं उंच पठार) यांच्यामधली ही जुनी व्यापारी वाट आहे. चाल सात-आठ दिवसांची. त्यावर एक राखीव दिवस धराच. जुलैच्या सुरुवातीला खिंडीवरच्या मऊ बर्फात घोडे रुततात, म्हणून जुलैअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ धरावा.

खिंड उंच आहे, पण खरा धोका तिच्या पलीकडे आहे. खिंड उतरल्यावरही वाट कर्झोकपर्यंत साधारण ४,५०० मीटरच्या वरच राहते. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं, आणि पलीकडे खाली उतरायला जागाच नाही. त्यामुळे कोण पुढे जाणार आणि कोण परतणार, याचा निकाल खिंडीच्या अलीकडेच लावायचा. बाकी सगळी आखणी त्यानंतर.

मनालीहून (सुमारे २,०५० मीटर) कुंझुम ला ओलांडून एका दिवसात काझाला (सुमारे ३,६५० मीटर) पोहोचता येतं, आणि सुट्टी वाचवायला बरेच गट तेच करतात. तसं करू नका. शिमल्याकडून या: एक मुक्काम काल्पा, एक ताबो, दोन काझा, दोन किब्बर. प्रवास लांबतो, पण शरीराला चढण टप्प्याटप्प्याने मिळते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा. दर शनिवार-रविवार सह्याद्रीत घाटवाटा चढणाऱ्यांचे पाय तयार असतात, पण कळसूबाईच १,६४६ मीटर. विरळ हवेची सवय तिथे होत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि आधी आजारी पडतो.

ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या आजाराचं औषध) घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, त्याला घाबरू नका.

मुक्काम असे: किब्बरहून डुमला, मग थाल्डा. पुढे वाट परिलुंग्बीच्या घळीत तीव्र उताराने उतरते आणि पुन्हा चढून बोरोचेनला (सुमारे ५,१५० मीटर) जाते. या दिवशी गुडघे आणि दम दोन्ही जातात. कुणाचं डोकं दुखत असेल तर थाल्डाला आणखी एक रात्र काढा.

बोरोचेनला संध्याकाळी प्रत्येकाची तपासणी करा. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, वेदनाशामक गोळी घेऊनही डोकेदुखी थांबत नसेल आणि उलटी होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर तो माणूस पुढे जाणार नाही. सोबत एकजण आणि एक घोडा देऊन त्याला लगेच किब्बरच्या दिशेने उतरवा, सकाळची वाट पाहू नका. यासाठी सामानाचे घोडे ठरवतानाच एक घोडा बिनओझ्याचा घ्या. घोडे त्याच वाटेने किब्बरला परततात, म्हणून परतीच्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात. ते आधीच बोलून घ्या.

खिंडीसाठी पहाटे चारला निघा. पलीकडे सौम्य उताराची हिमनदी आहे, भेगा बर्फाने झाकलेल्या असतात. नऊ-दहानंतर बर्फ मऊ होतो आणि पाय आत जातो. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे काटे) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ न देणारे पायवेष्टण) सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

पुढचे दिवस पारे चूच्या दगडगोट्यांतून चालायचं. ही नदी तिबेटात शिरून वळसा घेते आणि सुमदोजवळ पुन्हा भारतात येते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून हिच्यावर तलाव साचला आणि २००५ मध्ये तो फुटून सतलजला पूर आला. आपल्या वाटेवर नोरबू सुमदो या वेगळ्या ठिकाणी ही नदी पार करावी लागते. पाणी बर्फ वितळून येतं, त्यामुळे पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त. संध्याकाळी काठावर पोहोचलात तर तिथेच तंबू ठोका. सकाळी जिथे पात्र रुंद आणि अनेक फाट्यांत विभागलेलं दिसेल तिथून उतरा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथे पाणी खोल असतं. अनवाणी जाऊ नका, पट्ट्यांची सँडल घाला. सॅकचा कमरपट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि काठी टेकून एका वेळी एकच पाय हलवा. अंगाला दोर बांधू नका: घसरलात तर ताणलेला दोर पाण्याखाली दाबून ठेवतो.

४,७०० मीटरवर पाणी साधारण ८४ अंशांवरच उकळतं. भात-डाळीला कुकर लागतोच. मसूर किंवा मूग न्या, राजमा-छोले घरी ठेवा.

किब्बर सोडल्यावर मोबाइलचा भरवसा नाही. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, परदेशातून येणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. म्हणून किब्बरमध्ये एका माणसाकडे तारखा लिहून द्या आणि अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, तेही लिहा.

त्सो मोरिरीचं पाणी मचूळ आहे, पिऊ नका. तलावाच्या दक्षिण टोकाच्या कियांगडमला ओढ्यावर बाटल्या भरा. तिथून पश्चिम काठाने कर्झोक हा लांब, सपाट दिवस. लेहची गाडी निघण्याआधीच ठरवा आणि राखीव दिवस धरूनच तिची तारीख द्या. गाडी एक दिवस आधी आली तर चालक थांबतो, पण चुकली तर दुसरी मिळेपर्यंत कर्झोकच्या होमस्टेमध्येच राहावं लागतं.