बाई, तुमचं नेलपेंट गेलंय

दर सोमवारी प्रार्थना झाली की मी वर्गात नखं तपासते. चौथीचा वर्ग, सगळी पोरं हात पालथे करून बाकावर ठेवतात आणि मी पट्टी घेऊन फिरते. पट्टी मारायला नाही हं, ते दिवस गेले, पट्टी नुसती दाखवायला. गेल्या सोमवारी अशीच फिरत होते, एकीच्या नखांत काळी माती दिसली म्हणून म्हणलं काय गं हे, कापली नाहीस का नखं, तर ती माझ्या हाताकडे बघत एकदम शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं नेलपेंट गेलंय."

गेलंच होतं. मरून रंग, भाचीच्या साखरपुड्याला लावलेला, त्याला तीन आठवडे झालेले. अंगठ्यावर महाराष्ट्राच्या नकाशाएवढा तुकडा उरला होता (कोकण उडालेलं), मधल्या बोटावर नुसती कड, आणि करंगळी अगदी कोरी. न लावलेलं नेलपेंट कुणाला दिसत नाही पण अर्धं उडालेलं लांबूनसुद्धा दिसतं, भिंतीचा पोपडा दिसतो ना तसं. पोरीला काय बोलणार, बरोबरच होतं तिचं. उरलेला सगळा दिवस मी बोटं मुठीत घेऊन शिकवलं आणि दुपारी मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगठ्याच्या नखानं बाकीचा रंग खरवडत बसले. हे करू नये, मला चांगलं माहितीये. नेलपेंट असं सोलून काढलं की त्याला चिकटून नखाचे वरचे पापुद्रेही निघतात आणि मग नख खडबडीत होतं, पांढुरकं दिसतं. पण मीटिंग लांबली की हातांना काहीतरी उद्योग लागतो.

तर रविवारी डबा काढला. डबा म्हणजे बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, बऱ्याच घरात त्यात सुईदोरा असतो, आमच्यात नखांचं सामान. वर्षानुवर्षं जमलेलं. त्यातलं निम्मं मी आयुष्यात एकदाच वापरलंय. बोटांच्या मध्ये अडकवायचे ते स्पंजचे फणीसारखे तुकडे, एक चारी बाजूंनी चार रंगांचा ठोकळा ज्याची कुठली बाजू आधी घासायची ते मी दरवेळी विसरते, नखांवर चिकटवायची फुलं, एका ताईंनी भिशीत सगळ्यांच्या गळ्यात मारलेली नखं कडक करायची बाटली. आणि जे रोज लागतं ते नेलकटर मात्र डब्यात कधीच नसतं. आमच्या घरात नेलकटर कुणाचं नसतं आणि सगळ्यांचं असतं. मिस्टरांच्या किल्ल्यांना, मुलाच्या कंपासमध्ये, एकदा तर देवघराच्या ड्रॉवरमध्ये कापसाच्या वातींखाली सापडलं.

आमच्या आजोबांना ही भानगड नव्हती. त्यांच्याकडे दाढी करायला यायचे तेच नराणीनं नखंही काढून द्यायचे, ओसरीवर, सकाळच्या उन्हात. तिन्हीसांजेला नखं कापायची नाहीत, शनिवारी नाहीत, आणि कापलेलं नख घरात पडलं तर भांडणं होतात, असं आजी सांगायची. भांडणांचं माहिती नाही, पण कंदिलाच्या उजेडात धारेचं हत्यार बोटाजवळ न्यायचं नाही यात मला काही वेडेपणा दिसत नाही, आणि अनवाणी पायात टोकदार नख घुसलं की भांडण होतंच.

माझ्या मते डब्यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे काचेची फाईल. आधी मी ती लोखंडी कानस असते नेलकटरच्या आत दुमडलेली, तिनंच घासायचे, लाकूड घासावं तसं पुढे-मागे पुढे-मागे. त्यानं नखाच्या टोकाला पदर सुटायचे आणि ते पदर साडीला, ओढणीला, स्वेटरला अडकायचे. काचेची फाईल एकाच दिशेनं फिरवायची, कडेपासून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या कडेपासून. धुता येते, पडून फुटली नाही तर वर्षानुवर्षं टिकते. माझी एकदा पडली, टोक उडालं, तरी चालतेय. आणि नखं ओली असताना घासायची नाहीत. नख पाणी पितं आणि फुगतं, मऊ पडतं, वाळलं की परत आवळतं. दिवसातनं दहा वेळा भांडी, कपडे, फरशी, परत भांडी, म्हणजे दहा वेळा फुगणं आणि दहा वेळा आवळणं, त्यानंच आपल्या बायकांची नखं चिरतात आणि आपण म्हणतो कॅल्शियम कमी झालंय. त्यापेक्षा भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत. मी आणलेत, सिंकवर लटकवलेत, सासूबाई त्यांच्याकडे असं बघतात की जणू मी ऑपरेशन करायला निघालेय.

आता क्युटिकलबद्दल सांगते, कारण ते मी भोगलंय. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडीची कड असते ती. काही वर्षांपूर्वी एका पार्लरच्या मुलीला बघून मी ती चिमट्यासारखी कात्री घेऊन आले आणि घरी बसून दहाही बोटांची कड साफ कापून टाकली. दिसलं सुंदर, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताचं दुसरं बोट ठणकायला लागलं, सुजलं, नखुरडं झालं. ती कड काही शोभेला दिलेली नाही, खिडकीच्या काचेला लांबी भरतात ना तशी ती नख आणि कातडीमधली फट बुजवते, पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून. आणि नखुरडं झालं कधी, तर गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. मोदकाच्या कळ्या काढायला नेमकं तेच बोट लागतं. सासूबाईंनी लिंबाला भोक पाडून ते माझ्या बोटात टोपीसारखं घातलं, आणि मी तशी लिंबू घातलेली सगळ्या पाहुण्यांना पाणी देत फिरले. लिंबानं थंड वाटलं खरं, पण बरं झालं ते डॉक्टरांनी पू काढून गोळ्या दिल्यावर. तेव्हापासून कात्री बंद. आंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा टॉवेलच्या टोकानं हळूच मागे ढकलायची, बास.

त्याच गणपतीत अजून एक झालं. तेव्हा थर्माकोलची मखरं चालायची, 2018 ला बंदी आली त्याच्या आधीची गोष्ट. लेकीनं मखराच्या शेजारी बसून रिमूव्हरची बाटली उघडली, दोन थेंब उडाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत मखराच्या खांबाला भोक पडत गेलं, आवाज नाही धूर नाही, खांब नुसता आत आत विरघळत चालला. ॲसिटोन थर्माकोलला असं खातं. मिस्टरांनी तिथे झेंडूचं फूल खोचलं आणि कुणाला कळलं नाही, पण मी त्या दिवसापासून रिमूव्हर हातात घेतला की जरा मानानं घेते. एकतर तो पेट घेतो, म्हणजे निरांजन, गॅस, उदबत्ती यांच्या आसपास नको. दुसरं म्हणजे तो नखातलं आणि आजूबाजूच्या कातडीतलं तेलही ओढून घेतो. बिनॲसिटोनचा मिळतो, तो जरा हळू काम करतो पण इतकं कोरडं करत नाही. आणि घासायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. कापूस भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून धरायचा आणि मग टोकाकडे ओढायचा, रंग एका फटक्यात येतो.

रंग उतरला की खाली काय दिसतं, तर पिवळी नखं. आम्ही सांगलीचे. हळदीचं मार्केट इथं, घरात हळद किलोनं येते, आणि फोडणीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे हात तोच. त्यात गडद नेलपेंट थेट नखावर लावलं की त्याचाही डाग उरतो. हळदीचा डाग उन्हात धरला की फिका पडतो, कपड्यांवरचा पडतो तसाच, पण नेलपेंटचा नाही पडत, तो वाढून कापला जाईल तेव्हाच जाणार. म्हणून बेस कोट. मला बेस कोट म्हणजे दुकानदारांनी पैसे काढायची युक्ती वाटायची, आता वाटत नाही. टॉप कोट अजूनही थोडी थोडी वाटते.

वाढून कापला जाईल म्हणजे किती दिवस, तर हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने. पायाचं फार आळशी, अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागतं. मेंदीवरून हे नीट कळतं. हातावरची मेंदी दोन आठवड्यांत जाते पण नखावर चढलेली जात नाही, मुळाशी पांढरी कोर उगवते आणि ती रोज जरा जरा वर सरकत राहते. भाचीच्या मैत्रिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, तिची नखं संक्रांतीला अर्ध्याच्या खाली रंगलेली नव्हती, होळीला नुसती टोकं तांबडी होती. नखावरचे पांढरे ठिपकेही असेच सरकतात. लहानपणी बगळ्यांचा थवा डोक्यावरनं गेला की आम्ही नखांवर नखं घासत फुलं मागायचो आणि ठिपका दिसला की नवे कपडे मिळणार म्हणून उड्या मारायचो. खरं तर तो ठिपका म्हणजे काही आठवड्यांपूर्वी नखाच्या मुळाशी कुठेतरी दार-बिर लागलेलं असतं, बहुतेक वेळा तेवढंच. वर्गात मी हे सांगितलं तर पोरं नाराज झाली. मग नव्या कपड्यांचंही खरं असू शकतं म्हणलं.

नखं आणि बाई यावरनं आठवलं, पुण्याचे श्रीधर चिल्लाल. शाळेत असताना त्यांच्या हातनं चुकून शिक्षकांचं लांब वाढवलेलं नख मोडलं, बोलणी बसली, आणि त्या पठ्ठ्यानं 1952 पासून डाव्या हाताची नखं कापलीच नाहीत. 2018 ला न्यूयॉर्कमध्ये कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी 909.6 सेंटिमीटर, नऊ मीटरच्या वर. तो हात कायमचा निकामी झाला. गंमत बघा, लॅक्मे कंपनी टाटांनी सुरू केली तीही 1952 लाच. एकीकडे देशात बायकांनी घरच्याघरी नखं रंगवायची सोय होत होती आणि पुण्यात एक मुलगा नेलकटर ठेवून देत होता. शिक्षक म्हणून मला या गोष्टीतला तो रागावलेला मास्तर जास्त छळतो. एकेका मुलाला आपण काय बोलून जातो आणि तो ते किती वर्षं वाढवत बसतो.

असो. बाटली उघडली तर नेलपेंट गुळाच्या पाकासारखं घट्ट. माझी बहीण अशा वेळी त्यात रिमूव्हर ओतते. ओतू नका, तेवढ्यापुरतं पातळ होतं पण मग तो रंग नखावर नीट धरत नाही. नेलपेंटचा वेगळा थिनर मिळतो, दोन-तीन थेंब, आणि बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये रवी फिरवावी तशी फिरवायची, नाहीतर बुडबुडे येतात. आधी उजवा हात रंगवायचा. डावा हात आधी केला की तो झकास होतो आणि मग डाव्या हातानं उजवा करताना, तोही ओल्या नखांनी, बालवाडीचं रंगकाम होतं. मध्ये एक फटका, दोन बाजूंना दोन, टोकाच्या धारेवरनं ब्रश जरासा, आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ.

आणि मग बसायचं. हे मला सगळ्यात आवडतं. हात पसरून, बोटं फाकवून, पंख्याखाली. वरनं वाळल्यासारखं पाच मिनिटांत वाटतं पण आतनं कच्चं असतं, त्या भरवशावर झोपलात तर उठल्यावर नखांवर चादरीचं डिझाईन. म्हणून अर्धा तास तरी काही करायचं नाही. एरवी मी नुसती बसलेय असं कुणी बघितलं की लगेच काम सुचतं घरात सगळ्यांना, पण नखं ओली आहेत म्हणलं की काय बोलणार! बेल वाजली, मिस्टर गेले. कुकरच्या शिट्ट्या मुलानं मोजल्या, चुकीच्या मोजल्या, भाताचा गिचका झाला, तो भाग वेगळा. दूध वर आलं तेव्हा सासूबाई उठल्या, गुडघा धरून, मला वाईट वाटलं, मी अर्धी उठलेही, तर म्हणाल्या, "बस गं, पुसलं तर परत रंगवत बसशील."

नंतर त्यांच्या पायाशी बसले. त्यांना आता वाकवत नाही, पायाची नखं मीच काढते, महिन्यातनं एकदा. कोमट पाण्यात पाय पंधरा मिनिटं, वयामुळे नखं जाड झालेली असतात, लहान कटर पुरत नाही, मोठं लागतं आणि सरळ कापायचं, कोपरे खोल घ्यायचे नाहीत, नाहीतर नख मांसात घुसतं. त्यांना डायबेटिस आहे, म्हणून प्रत्येक बोट उजेडात फिरवून बघते, कुठे चीर, कुठे फोड. मग खोबरेल तेल. तेलानं नख वाढत वगैरे नाही, दिसतं ते नख मेलेलंच असतं, जिवंत काय ते मुळाशी, पण तेल ओलावा धरून ठेवतं आणि नख ठिसूळ होत नाही, एवढं पुरे. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, हा रंग वांग्याच्या भरतासारखा दिसतोय. मरून आहे म्हणलं. जळलेल्या वांग्याच्या, म्हणाल्या.

सोमवारी वर्गात गेले, हात मुद्दाम जरा पुढे. प्रार्थना झाली, पट्टी घेतली, फिरले. ती पोरगी आली होती, नखं कापलेली, एका बोटाला इतकं खोल कापलेलं की कड लाल झालेली. विचारलं, कुणी कापली, तर म्हणाली मीच, ब्लेडनं. घरी नेलकटर नाही का, तर म्हणे आहे पण सापडत नाही.

मी पर्समधलं काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं आधी ते उघडमीट करून बघितलं, मग माझ्या बोटांकडे नजर टाकली आणि करंगळीकडे हात दाखवत म्हणाली, "बाई, इथं चुकलंय."

उजवी करंगळी. सकाळी लसूण सोलताना.