आईची पाव मिलिग्रॅमची गोळी

बाबा गेले तेव्हा आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली, रात्री एक, दोन आठवडे. ती गोळी तीन वर्षं घरात राहिली. जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलवाला देत गेला, मी आणत गेले. हळूहळू एकीने भागेना, आई दोन घ्यायला लागली. शरीराला सवय झाली की तेवढ्याच गोळीचा गुण येत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात पहाटे तीनला बाथरूमला जाताना ती पडली आणि मनगट मोडलं. म्हातारपणी हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे पहाटेपर्यंत गुंगी राहते, तोल जातो.

मी घाबरले आणि त्याच रात्री सगळ्या पट्ट्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी आईचे हात थरथरायला लागले, घामाने पदर भिजला. "अगं, जीव कासावीस होतोय," म्हणत ती नुसत्या येरझारा घालत होती. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तर त्यांनी तीच गोळी परत सुरू केली! एवढ्या वर्षांची गोळी एकदम तोडली तर आकडीसुद्धा येऊ शकते, म्हणाल्या. मग माझ्या पिशवीतली औषधं त्यांनी टेबलावर ओतायला लावली. मनगटाच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू होतं. दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावू शकतो, म्हणून हाडाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन करून त्यांनी ते बदलून घेतलं. आई घोरते का, खोकल्याचं औषध घेते का, हेही विचारलं. आम्हाला आधी कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही झोपेसाठी दिली जाणारी औषधं एच-१ यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. आमचं नाव कुणी लिहिलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

दुपारची दोन तासांची झोप आता बंद आहे, चारनंतर चहा नाही. झोप येवो न येवो, उठायचं साडेपाचलाच. शेजारच्या काकू "एखादी गोळी दे ना" म्हणाल्या, तेव्हा आईनेच त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोनवरून दीड, मग एक, आता अर्धी. पुढच्या मंगळवारी तपासणी आहे. आईने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती स्वतःच गोल काढून ठेवलाय.