अण्णांची ट्रायल

अण्णांच्या गालाचा कॅन्सर ऑपरेशननंतर वर्षभरातच उलटला. आता पुन्हा ऑपरेशन जमणार नाही असं ठरल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी ट्रायलचा, म्हणजे नवा उपचार पेशंटवर तपासून पाहण्याचा, विषय काढला. आत्यानं फोनवर निकाल देऊन टाकला, ‘उंदीर करतील त्याचा. सोलापूरला घेऊन ये.’

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं: नेहमीची केमो सगळ्यांना मिळणार, निम्म्या पेशंटना तिच्या जोडीला एक गोळी. गोळी कुणाला हे कॉम्प्युटर ठरवणार. मी म्हटलं, ‘डॉक्टर, अण्णांना तुम्हीच गोळीच्या गटात घ्या ना.’ ते म्हणाले, ‘ते माझ्या हातात नाही आणि नसलेलंच बरं. गोळीनं फायदा होतो हे मला ठाऊक असतं, तर ट्रायल कशाला, सरळ लिहूनच दिली असती.’

ऐकून मी खट्टू झालो. एवढी मोठी डिग्री आणि म्हणे ठाऊक नाही! मग त्यांनी अण्णांच्याच मानेवरच्या जुन्या व्रणाकडे बोट दाखवलं. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेतल्या ग्रंथी हाताला लागत नसल्या, तर त्या आधीच काढायच्या की वाट पाहायची, यावर सर्जन मंडळींत वर्षानुवर्षं दोन तट होते. दोन्हीकडे अनुभवी माणसं. टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ या काळात पेशंट असेच दोन गटांत वाटले गेले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ मध्ये छापून आला. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. वाट पाहणाऱ्या सर्जनांची कळकळ खरीच होती, फक्त ती कामाला येत नव्हती. कुणाच्या तरी बापानं त्या ट्रायलला हो म्हटलं होतं, म्हणून आमच्या अण्णांची मान पहिल्याच ऑपरेशनला उघडली गेली.

संमतिपत्र मराठीत होतं, पण सरकारी मराठीत. डॉक्टर स्वतः बसून पान पान समजावत होते. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल, त्यानं पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, शिवाय भरपाई. शंका असेल तर ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर, म्हणजे खुद्द डॉक्टरांविरुद्धही तक्रार करता येईल अशी सोय त्यांच्याच कागदावर. सही मात्र त्या दिवशी घेतली नाही. ‘घरी वाचा, भांडा, मग या.’

भांडण झालंच. परत आल्यावर मी रोखठोक विचारलं, ‘यात तुम्हाला काय मिळतं?’ शेजारी बसलेल्या माझ्या भावाला लाज वाटली, डॉक्टरांना नाही. कंपनी नाही, पैसा हॉस्पिटलच्या संशोधन निधीतला, पगारात फरक नाही. ‘पेपरवर नाव येईल, तेवढा माझा स्वार्थ.’ सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर ट्रायल कुणाची आहे, पैसा कुणाचा, प्रमुख डॉक्टर कोण, सगळं असतं. मी तिथं ताडून पाहिलं. जुळलं. ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे.

अण्णा गोळी नसलेल्या गटात आले. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

तरी काळजीत फरक पडला नाही. प्रत्येक वेळी नुसतं ‘कसं वाटतंय’ नव्हे, तर उलट्या किती, जेवण किती, तोंडात फोड आले का, याची ग्रेडवार नोंद. एकदा सोलापुरात ताप चढला, पांढऱ्या पेशी घसरल्या, रात्रीच ॲडमिट केलं. मी फोन लावला तर डॉक्टरांनी इथल्या डॉक्टरांशी बोलून अँटिबायोटिक ठरवलं आणि माझ्याकडून रिपोर्टचे फोटो मागवले. असं काही झालं की त्यांना २४ तासांत एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. पुढचा डोस त्यांनी कमी केला. ट्रायलच्या पेशंटला असा हक्कानं लावायचा फोन नंबर असतो आणि त्याच ओपीडीत शेजारी रांगेत बसलेल्याला नसतो, हे मला आजही खटकतं.

नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. अण्णा म्हणाले, ‘आता तरी ती गोळी द्या.’ डॉक्टरांनी नकार दिला. ‘नियमात बसत नाही हे एक. आणि काका, ती कामाची आहे असं म्हणायला माझ्याकडे अजून काही नाही. तुम्हाला खोटी आशा विकणार नाही.’ मग ट्रायल बाजूला ठेवून दुसरी औषधं सुरू केली, आणि तपासायलाही तेच राहिले.

ट्रायल अजून चालू आहे. दर तीन महिन्यांनी तिथली कोऑर्डिनेटर चौकशीला फोन करते. अण्णा तो कुणाला घेऊ देत नाहीत. जेवणाला चव नाही, भात घशात अडकतो, अशी सगळी हकिगत सांगून झाली की तिला दम भरतात, ‘गोळीचं काय झालं ते समजलं की आधी मला कळवायचं.’