तुम्ही विचारलंत म्हणून: ओ-थ्री का टाकत नाही?

"जेंटू वापरतोस, सगळं घरी कंपाइल करतोस, आणि फ्लॅग मात्र ओ-टू? मग उबंटूनं काय घोडं मारलं होतं?" भेटेल तो हेच विचारतो. (जेंटू म्हणजे असं लिनक्स, ज्यात प्रोग्राम मूळ कोडवरून आपल्याच मशीनवर बांधायचे, म्हणजे कंपाइल करायचे; उबंटूत ते तयार मिळतात. ओ-टू, ओ-थ्री हे कंपायलरला द्यायचे फ्लॅग, प्रोग्राम वेगवान करायला किती खटपट करायची ते सांगणारे; आकडा मोठा तर खटपट जास्त.) एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला वाचायला देता येईल.

माझ्या मेक डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे जेंटूच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, मार्च=नेटिव्ह (कोड याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बनव), ओ-टू आणि पाइप (तात्पुरत्या फाईलींऐवजी मेमरी वापर) आहे. मेकऑप्ट्समध्ये जे-४, म्हणजे एका वेळी चार जॉब, कारण रॅम ८ जीबी आणि एका जॉबला २ जीबी धरायची. बस्स. ओ-थ्रीनं कोड फुगतो, प्रोसेसरच्या कॅशेवर ताण येतो आणि काही प्रोग्राम उलट मंदावतात. एफएफएमपेगसारख्या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामचा कळीचा भाग तर हातानं लिहिलेल्या असेंब्लीत, थेट प्रोसेसरच्या भाषेत असतो, तिथं तुमच्या ओ-थ्रीला विचारतो कोण?

आता खरं बोलू? ओ-टू आणि ओ-थ्रीतला फरक मला वापरताना कधी जाणवलेला नाही. मार्च=नेटिव्हचाही नाही. मे महिन्यात सोलापुरात पंख्याखाली क्रोमियम कंपाइल करताना तर हे कबूल करणं फारच जिवावर येतं.

कॉलेजातल्या 'मी'नं मला असं बोलू दिलं नसतं. त्याच्या फाईलमध्ये ओ-थ्री, अनरोल-लूप्स, फास्ट-मॅथ, सगळा बाजार होता. फास्ट-मॅथ म्हणजे आकडेमोडीत 'नॅन' (धड आकडाच नाही असं उत्तर) आणि 'इन्फिनिटी' येणारच नाहीत असं कंपायलरनं धरून चालायचं, आणि हे पठ्ठ्या अख्ख्या सिस्टीमला लावत होता! पण तो समोर आला तर म्हणेल, "मी निदान करून बघत होतो. तू जेंटूचं हँडबुक वाचून म्हातारा झालास." यात तथ्य नाही असं नाही.

माझा सूर बदलला तो चुलतभावामुळं. काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, एमआयडीसीत. तिथल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर त्यानं माझ्या नादानं जेंटू टाकलं होतं. माझा आय-फाइव्ह, त्याचं पेंटियम, दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या हॅसवेल पिढीतले. तेव्हा मी डिस्टसीसीनं, म्हणजे कंपाइलचं काम वाटून देणाऱ्या प्रोग्रामनं, दुसऱ्या मशीनची मदत घ्यायचो. तिथं 'नेटिव्ह' लिहिलं तर काम मदतनीस मशीनकडं जातच नाही, म्हणून माझ्या फाईलमध्ये स्पष्ट मार्च=हॅसवेल होतं. त्यानं ती ओळ उचलली आणि सगळी पॅकेजं नव्यानं बांधायला लावली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, कारण कारखान्याला सुट्टी.

मार्च=हॅसवेल म्हटलं की एव्हीएक्स (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) आलंच, आणि इंटेलनं त्या पिढीच्या पेंटियममधून एव्हीएक्स काढून टाकलेलं आहे. कंपायलरला त्याचं सोयरसुतक नसतं, जे मागाल ते तो बनवून देतो. पॅकेजं एकामागून एक बसत गेली. बॅशची, म्हणजे टर्मिनलमधले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामची पाळी आली, बॅश बसलं, आणि पुढचं पॅकेज सुरूच होईना, कारण पोर्टेजची (जेंटूत पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामची) निम्मी कामं बॅशच करतं. नवीन टर्मिनल उघडलं की लगेच बंद. पासवर्ड टाकला की स्क्रीन लुकलुकून पुन्हा लॉगिनवर. लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून सीएचरूटनं आतल्या सिस्टीममध्ये शिरलं तरी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, कारण आतलं बॅश तेच.

इकडं मालाची गाडी दारात उभी आणि पार्टीच्या नोंदी त्या डब्यात. काका फोनवर मला, "तुझ्या नादानं झालंय सगळं." भाऊ एसएसडी खिशात घालून होम मैदानावरच्या यात्रेच्या गर्दीतून वाट काढत घरी आला. मी ती माझ्या मशीनला लावली. सुरळीत चालू! माझ्या आय-फाइव्हला एव्हीएक्स आहे ना. लॉगिन झालं, टर्मिनल उघडलं, काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. बिल माझ्याच प्रिंटरवर काढलं, गाडी सुटली. मग मार्च=एक्स८६-६४ (असल्या कुठल्याही ६४-बिट प्रोसेसरवर चालणारं) करून सगळं पुन्हा बांधायला लावलं. मध्ये लाईट गेली, ती वेगळीच कथा.

मी त्याला म्हटलं, "शेजारच्या मागाचं सेटिंग आपल्या मागाला आंधळेपणानं लावशील का बे?"

"लावतो की. सूत एकच असलं तर लावतो. मला काय माहीत तुझं सूत वेगळंय? दोन्ही हॅसवेलच की रे दादा."

दोष कुणाचा यावर आमचं अजून जुळलेलं नाही. माझं म्हणणं, फाईलमध्ये काय आहे ते वाचायला हवं होतं. त्याचं म्हणणं, नावावरून कळत नसेल तर वाचून काय डोंबल कळणार.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनंच तयार पॅकेजं द्यायला सुरुवात केली. भावानं ती लगेच घेतली. त्याचं बिलिंग झक्कास चाललंय आणि आता तोच मला विचारतो, "दादा, तू अजून कंपाइल करत बसतोस?" मी यूज फ्लॅगचं (पॅकेजात काय हवं-नको ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) सांगतो, की ब्लूटूथ नको तर ब्लूटूथचा कोडच आत येत नाही. तो म्हणतो, आला तर काय खायला मागतो का? मला चीड येते, आणि त्याच रात्री मी अपडेट लावतो, कंपाइल करूनच.

तर फाईल मागितलीत तर देईन. मार्चची ओळ खोडून देईन. ती तुमची तुम्ही लिहा, आणि ओ-थ्री टाकायचंच असेल तर खुशाल टाका, फक्त मला फोन करू नका.