२४ एप्रिलची वाट

माउलींच्या पालखीबरोबर माझ्या नऊ वाऱ्या झाल्या. दिवे घाटात कधी पाय दुखले नाहीत. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, जेमतेम पाच-सहा किलोमीटरच्या चालीत टाच सोलून निघाली.

लेक तिथे मेडिकलला आहे. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले आणि २४ एप्रिल आला. आदल्या संध्याकाळी तरुण पोरांची मशालींची मिरवणूक निघाली होती, घोषणा देत. सकाळी मात्र अख्खं शहर फुलं घेऊन त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवरच्या वंशसंहार स्मारकाकडे मुकाट्याने चालत होतं. लेकीची परीक्षा, म्हणून मी एकटीच निघाले.

१९१५ साली याच तारखेला ऑटोमन तुर्की साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), सरकारने आर्मेनियन लेखक, डॉक्टर, धर्मगुरू यांची धरपकड सुरू केली. मग गावंच्या गावं उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेली. त्या संहारात सुमारे १५ लाख माणसं गेली, असं इथे प्रत्येक जण सांगतो. ते त्याला ‘मेट्स येघेर्न’ म्हणतात, महाअपराध.

ह्राझ्दान नदीची दरी ओलांडली तोवर मला ती शांतता असह्य झाली होती. टाळ नाही, मृदंग नाही, कुणी कुणाला माउली म्हणत नाही. माझ्या तोंडात आपोआप हरिपाठ यायचा आणि मी तो गिळायची. त्यात पाऊस. एक कॅमेरावाला पुन्हा पुन्हा रांगेत घुसून रडणाऱ्या बायकांच्या तोंडापाशी कॅमेरा नेत होता. त्याचा मला इतका राग आला की हातातलं ट्यूलिप देठापासून मोडलं.

चढावर बूट काढून कठड्यावर बसले. मोजा रक्ताने चिकटला होता. शेजारी एक आजी टेकल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, सोबत विशीतली नात. आजींनी माझी टाच पाहिली, पर्समधून पट्टी काढली आणि माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी मागे ओढायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला. रुमालाने पाणी टिपलं, पट्टी लावली, कडा अंगठ्याने दाबत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्सावत् तानेम.”

नातीने इंग्रजीत सांगितलं, “तुझं दुखणं मी घेते, असं म्हणतेय. आमच्याकडे सगळेच म्हणतात.”

लोणंदला एका बाईने असेच माझे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं होतं. मला रडू आलं. आजींना वाटलं, पट्टी झोंबतेय.

मग त्या बोलत राहिल्या, पाय मांडीवरच. त्यांची आई आजच्या तुर्कस्तानातल्या खारबेर्दची, तेव्हा सात वर्षांची. चालवत नेलेल्यांत तीही होती. धाकटा भाऊ वाटेत राहिला. “राहिला” एवढंच आई सांगायची. त्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, त्यामुळे ते घरात कुणालाच माहीत नाही. २०१५ मध्ये आर्मेनियन चर्चने या बळींना संतपद दिलं, तेव्हापासून मृतांसाठीची प्रार्थना थांबली. आता त्यांनाच साकडं घालायचं. आजी त्या बिननावाच्या मामाकडे नातीच्या नोकरीसाठी मागणं मागतात.

“मला जमीन नको,” आजी म्हणाल्या. “त्यांनी एकदा म्हणावं, हो, आम्ही केलं.” माणसं मेली हे तुर्कस्तान मानतं, पण वंशसंहार हा शब्द मानत नाही.

नात एकदम तडकली. तिची मैत्रीण स्तेपानाकेर्तची. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत लाखाहून जास्त आर्मेनियन लोक आर्त्साख, म्हणजे नागोर्नो-काराबाख, सोडून आले, त्यांतली. “हिला शंभर वर्षांपूर्वीचा शब्द हवाय. मला उद्याची खात्री हवीय.” आजींनी उत्तर दिलं नाही. माझा बूट मात्र पुढे केला.

वरचं नीट आठवत नाही. ४४ मीटरचा तो सुळका, आतल्या बाजूला कललेल्या बारा शिळा, आर्मेनियन संगीतकार कोमितासचं संगीत. उंच पायऱ्या, पायाखाली बघतच उतरावं लागतं. ज्योतीभोवती फुलांची भिंत छातीपर्यंत आली होती. आजींनी एक फूल आईचं म्हणून ठेवलं, एक वेगळं, जरा दूर. मी माझं मोडलेलं ट्यूलिप त्या दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं. कपाळ टेकायची सवय, पण टेकायला जागा नव्हती. हात जोडले.

बाहेर आल्यावर आजी ढगांकडे बघत थांबल्या. तिकडे आर्मेनियन लोकांचा पवित्र डोंगर अरारात आहे, पण तुर्कस्तानच्या हद्दीत. १९९३ मध्ये तुर्कस्तानने ती सीमा बंद केली. त्या दिवशी डोंगर दिसला नाही.

उतारावर नातीने विचारलं, “तुमचा देश मानतो का, वंशसंहार झाला म्हणून?”

मी म्हटलं, “सरकारने अजून तसं म्हटलेलं नाही.”

तिने आजींना सांगितलं. आजींनी मान हलवली आणि माझा दंड धरला, कारण फरशी ओली होती. त्यांच्या पावलाला पाऊल लावून आम्ही खाली उतरलो.