नारिंगीतला 'न' कुठं गेला?

आज सकाळी भाचीला घेऊन नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात गेलो होतो. आंबिया बहाराची संत्री, ढीगच्या ढीग. घरी आल्याआल्या तिनं एक सोललं, सालीचा बारीक फवारा उडून माझ्या चष्म्यावर बसला. मधेच म्हणाली, "मामा, रंग नारिंगी, मंग इंग्रजीत ऑरेंज काहून?"

दिवसभर तेच डोक्यात होतं. खरं तर दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात नारंग (तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला), तो फारसीतून अरबीत गेला, तिथं नारंज झाला. स्पॅनिशमध्ये आजही नारांहा म्हणतात, 'न' शाबूत. फ्रेंचमध्ये मात्र शब्दाआधी 'युन' (म्हणजे 'एक') लागायचं, त्याच्या शेवटच्या 'न'मध्ये हा 'न' विरला असं मानतात. इंग्रजीला तो शब्द 'न'शिवायच मिळाला. इंग्रजीतही असं घडलंय: आधी 'अ नेप्रन' होतं, त्याचं 'अ‍ॅन एप्रन' झालं.

आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की इंग्रजीत आधी फळ आलं, मग रंग. रंगाचं नाव म्हणून ऑरेंज रुळला सोळाव्या शतकात. त्याआधी पिवळा-तांबडा म्हणून भागवायचे. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी, पण जुन्या नावात 'रेडब्रेस्ट'च!

आपण 'न' रंगात जपला, फळाला मात्र संत्रं म्हणतो. हे सांगितल्यावर पोरगी दुसरी फोड तोंडात टाकत म्हणाली, "मी आता नॉरेंजच म्हणणार."